स्पितीसाठी हलका कॅमेरा

कॅमेरा निवडायला माणसाला किती वेळ लागावा याचा काही नियम नाही. लग्न ठरायला लागतो त्याहून जास्त लागू नये, असं आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणते. पण माझं दोन्हीही अडकलेलं असल्यामुळं ती नेमकी कशावरून टोमणा मारतेय हे मला कधी नीट कळलं नाही.

मी गुरुशांत. सोलापुरात सात रस्त्याजवळ एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. म्हणजे माणसं कापतो. वाढदिवसाच्या बोर्डावर मधोमध जो हात जोडून उभा असतो, त्याच्या मागची भिंत, म्हैस, बायको, जे काय असेल ते काढून तिथं ढग लावायचे, हे माझं काम. शहरातल्या कितीतरी लोकांचे कान मी माउसनं कोरलेत. रस्त्यानं जाताना मी त्यांना ओळखतो, ते मला ओळखत नाहीत. एकदा एकाला मी थांबवून म्हटलंही, "तुमचा डावा कान जरा अवघड गेला." त्यानं हात करून रिक्षा थांबवली आणि निघून गेला.

मला ओळखणारा माणूस एकच होता, धर्मपाल. कॉलेजात एका बाकावर बसायचो. शेवटच्या वर्षी आम्ही ठरवलं की स्पितीला जायचं. स्पितीच का, तर खताच्या एका कॅलेंडरवर जुलै महिन्यात स्पिती होतं. उघडाबोडका डोंगर, त्याच्या टोकाला पांढरा मठ आणि खाली युरियाची जाहिरात. धर्मपाल म्हणाला, "गुऱ्या, हितं जायचं." त्याला मठ बघायचा होता. मला, मठ बघत उभ्या असलेल्या धर्मपालचा फोटो काढायचा होता.

"पण मोबाइलवर नको," तो म्हणाला. "आयुष्यात एकदा जाणार. प्रवासाला चालंल असा नीट कॅमेरा घे. तुझा कॅमेरा ठरला की तिकिटं मी काढतो."

एवढं बोलून तो नोकरीला पुण्याला गेला. भीमेचं पाणी पुण्याकडून आमच्याकडं येतं, माणसं उलटी जातात. पहिल्यांदा तो सणाला यायचा. मग त्याच्या आईला, मीनाबाईंना, तो तिकडं घेऊन गेला. गल्लीतलं घर भाड्यानं दिलं. त्यानंतर त्याला सोलापुरात यायला कारण उरलं नाही. मी होतो. पण माणूस आईसाठी गावी येतो. मित्रासाठी गावी येण्याची पद्धत आपल्याकडं अजून पडलेली नाही.

उरला रविवारचा फोन. तो असा चालायचा.

"काय म्हणतोस?"

"निवांत. तू?"

"निवांत. काकू?"

"बरी आहे. अव्वा?"

"बरी आहे."

इथं पाणी आटायचं. मागं कुणाचा तरी मिक्सर चालू असायचा, तो ऐकू यायचा. मग धर्म्या घसा साफ करून विचारायचा, "मग, कॅमेऱ्याचं काय?" आणि मी सुरू व्हायचो.

मला एक गोष्ट फार लवकर कळली होती. कॅमेरा ठरला की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक, धर्म्या तिकिटं काढेल. दोन, काढणार नाही. कॅमेरा ठरत नाही तोपर्यंत यातलं काहीच होत नाही आणि फोन येत राहतो. म्हणून मी कॅमेरा अगदी काळजीपूर्वक निवडत होतो. चार वर्षं.

लोकांना वाटतं यात काय अवघड आहे. लई अवघड आहे. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या सेन्सरच्या पुढं एक आरसा असतो. मिररलेसमध्ये तो आरसाच काढून टाकलाय, म्हणून तो छोटा होतो आणि प्रवासाला बरा पडतो. इथपर्यंत सोपं. पण मग मोठा सेन्सर, म्हणजे फुल फ्रेम, घ्यायचा की छोटा? मोठ्या सेन्सरला अंधारात चांगलं दिसतं, पण त्याच्या लेन्सा खलबत्त्यासारख्या. छोट्या सेन्सरच्या लेन्सा खिशात मावतात, पण अंधारात ते चाचपडतं. मधलाही एक सेन्सर आहे. तो सगळ्यांत ठीकठाक असल्यामुळं माझ्या काहीच उपयोगाचा नव्हता. ठीकठाक वस्तूवर चार वर्षं बोलता येत नाही. शिवाय एकदा एका कंपनीची बॉडी घेतली की पुढं जन्मभर तिच्याच लेन्सा बघाव्या लागतात. हे ऐकून अव्वा म्हणाली, "मग पोरगी बघतानाच एवढं बघितलं असतंस तर?"

मधे एकदा विषय संपत आला होता. धर्म्या दोन रविवार नुसताच "हं, हं" करत होता. मग मी वजनाची चाचणी काढली. मोठ्या सेन्सरच्या बॉडीचं आणि दोन लेन्सांचं वजन इंटरनेटवरून काढलं, तेवढी तूरडाळ पिशवीत भरली, पिशवी गळ्यात अडकवली आणि एसटीनं मोहोळला जाऊन आलो. परतीला शेजारी एक फेटेवाले आजोबा बसले. बराच वेळ पिशवीकडं बघून त्यांनी विचारलं, "काय हाय यात?"

"फुल फ्रेम," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी दाबून बघितली. "तूरडाळ वाटतीया."

"सध्या डाळ आहे. पुढं तिची लेन्स होणार."

"व्हय का," ते म्हणाले, आणि जरा खिडकीकडं सरकून बसले. थोड्या वेळानं न राहवून म्हणाले, "पर गळ्यात का?"

दुसऱ्या दिवशी छोट्या सेन्सरच्या वजनाची शेंगाचटणी गळ्यात घालून परत मोहोळला गेलो. मान अजिबात दुखली नाही. पण बसमधल्या सगळ्यांना भूक लागली.

हे मी रविवारी सांगितलं तेव्हा धर्म्या हसला. बरं वाटावं म्हणून हसतात तसा नाही, कॉलेजात हसायचा तसा, शेवटी खोकला येईपर्यंत. मागून त्याची बायको चैताली म्हणाली, "अहो, कोण आहे?" तर तो म्हणाला, "गुऱ्या आहे, डाळीचे फोटो काढतोय," आणि पुन्हा हसत सुटला. तो फोन खूप वेळ चालला. त्या आठवड्यात मी आनंदानं सतरा आमदार कापले. म्हणजे इच्छुक.

तर असं सगळं नीट चाललं होतं. बिघडलं ते खंडेनवमीला.

आमच्या दुकानासमोर शरणबसवअण्णांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं करतात. माझी चार वर्षांची कॅमेरानिवड त्यांनी रस्त्यापलीकडून बघितली होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि एक छोटी काळी बॅग पुढं केली.

"तम्मा, हा घेऊन जा. मिररलेस आहे. मी वापरला, आता विकायचाय. लग्नात छोटा कॅमेरा घेऊन गेलं की लोक विचारतात, फोटोग्राफर कधी येणार. तुला प्रवासाला मस्त आहे."

"सेन्सर कुठला?"

"मधला."

"मधला मला चालत नाही, अण्णा."

"चालवून तर बघ! इंटरनेटवर बघून कुणाला पोहायला आलंय का? उद्या मी माझे सगळे कॅमेरे पूजेला मांडणार. विकायची वस्तू मी पूजेत ठेवत नाही. एकदा हळदकुंकू लागलं की ती घरची झाली, मग गिऱ्हाईक आलं की लेक सासरी धाडल्यासारखं होतंय. दसरा झाला की आणून दे, नायतर ठेवून घे."

मी नेला. नको म्हणायला चार वर्षांची सवय लागते आणि माझी होती ती फक्त इंटरनेटवरच्या कॅमेऱ्यांना नको म्हणायची. घरी येऊन लेन्स काढून बघितली, परत बॉडीला बॉडीचं झाकण लावलं, लेन्सला लेन्सचं, आणि दोन्ही कपाटावर ठेवून अव्वाला सांगितलं, "याला हात लावू नको."

ही चूक झाली. आमच्या घरात "हात लावू नको" हे आजवर फक्त देव्हाऱ्यातल्या वस्तूंबद्दल बोललं गेलंय, आणि तेही अव्वाकडूनच. तिनं त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

खंडेनवमीला दुकानात पूजा होती. प्रिंटिंग मशीनला झेंडूचा हार, कटरला हार, कॉम्प्युटरला हार. की-बोर्डवर कुंकू सांडतं आणि दिवाळीपर्यंत एंटरचं बटण गुलाबी राहतं. दुपारी घरी आलो तर अव्वानंही पाट मांडला होता. विळी, कात्री, खलबत्ता, शिलाई मशीनची चाकी, मिक्सरचं भांडं, आणि मधोमध, सगळ्यांपेक्षा थोडा उंच, तांदळाच्या राशीवर, कॅमेरा. झाकण शेजारी काढून ठेवलेलं.

"अव्वा, हे कुणी उघडलं?"

"मी. फिरवलं की निघालं. लोणच्याच्या बरणीपेक्षा सोपं हाय."

मी वाकून आत बघितलं. सेन्सरवर विभूतीचे तीन आडवे पट्टे होते. बरोबर मधे कुंकवाचा ठिपका. ठिपक्यावर झेंडूची एक पाकळी.

"आत का लावलंस?" मला एवढंच विचारता आलं.

"मग कुटं लावायचं? वरच्या डब्याला? तुमी दुकानात मशीनच्या पत्र्याला लावता, म्हणून ते सारखं बंद पडतंय. आत बघ की किती चांगलं हाय. एवढंसं चौकोनी, मोरपिसागत चकाकतंय. मूळ तिथं हाय. मी आधीच ओळखलं."

तिनं बरोबर ओळखलं होतं. मूळ तिथंच असतं. जुन्या कॅमेऱ्यात निदान आरसा तरी मधे आला असता. मिररलेसमध्ये सेन्सर आणि अव्वा यांच्या मधे काहीही नसतं. चार वर्षांत मी वाचलेल्या एकाही परीक्षणात हा तोटा कुणी लिहिला नव्हता.

मी फुंकर मारायला तोंड जवळ नेलं तर तिनं माझा खांदा मागं ओढला. "बेडा, बेडा! नको! देवाला कुणी फुंकतंय का?"

दसरा झाल्यावर बॅग घेऊन स्टुडिओत गेलो. वाटेत बोलायचं पाठ केलं होतं, पण अण्णांसमोर गेल्यावर नुसतं झाकण काढून कॅमेरा पुढं केला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, आत बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. जोडलेले हात सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"कुणी केलं?"

"अव्वानं."

"पट्टे सरळ आलेत," ते म्हणाले. "एवढ्याशा जागेत सोपं नाही."

मग त्यांनी पाकळी अलगद उचलली, लेन्स लावली आणि दारात जाऊन सात रस्त्याचा एक फोटो काढला. रिक्षा, सिग्नल, केळीचा गाडा आणि या सगळ्यावरून आडवे गेलेले तीन राखाडी पट्टे. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, पण तीन आडवे पट्टे उलटे केले तरी तीन आडवे पट्टेच राहतात. कुंकू मात्र एका ट्रॅफिक पोलिसाच्या कपाळाजवळ आलं होतं. तो फोटो वाईट नव्हता, हे मला मान्य करावं लागेल.

"पुसता येईल ना, अण्णा?"

"पुसता येतंय की. पंप आहे, कापूस आहे. तासाभराचं काम."

"मग पुसा आणि ठेवून घ्या. पुसायचं काय होईल ते देतो."

अण्णांनी मान हलवली. "पुसून देतो. ठेवून घेत नाही."

"पण स्वच्छ झाल्यावर..."

"तम्मा, डाग पडला म्हणून नाही. पूजा झाली. तुमच्या घरी, तुमच्या आईच्या हातून, खंडेनवमीला. कॅमेरा तुमचा झाला. आता तो दुसऱ्याला विकणं माझ्याकडून होणार नाही, आणि घेणाऱ्यालाही लाभणार नाही. पैसे दे हळूहळू, मी मागणार नाही. पण हा माझा नाही."

"पण मी अजून निवडलेला नाही!"

"तुझ्या अव्वानं, सावित्रम्मांनी निवडला की," अण्णा म्हणाले, आणि पुसायच्या आधी त्यांनी कॅमेऱ्याला परत एकदा नमस्कार केला.

असा माझा कॅमेरा ठरला. मधला सेन्सर, ज्याच्याकडं मी कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं. संध्याकाळी तो गळ्यात घालून घरी आलो. वजन अगदी बरोबर होतं. मान दुखत नव्हती. मला चुकून मधेच काहीतरी भयंकर खोट सापडेल म्हणून मी सगळी बटणं दाबून बघितली. सगळी चालत होती.

रविवार यायचा होता.

खोटं बोलणं सोपं होतं. "अजून बघतोय" एवढं म्हटलं की झालं, अजून वर्षभर गेलं असतं. मी तेच ठरवलं होतं. पण अव्वाला कॅमेऱ्याचं सगळं माहीत नसलं तरी एक गोष्ट पाठ होती: कॅमेरा आला की धर्मपाल येणार आणि दोघं थंड मुलखात जाणार. तिनं गुरुवारपासूनच कडक भाकरी करायला घेतली. पापडासारखी वाळवलेली, पातळ, कडकडीत. "वाटंत खायला," ती म्हणाली. "त्या पोराला माझी भाकरी लई आवडती. पुण्यात कोण करतंय." कडक भाकरी महिनाभर आरामात टिकते. आमच्या बेताच्या मानानं ते कमीच होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला तेव्हा ती समोरच शेंगा फोडत बसली होती. उठायचं नाव नाही.

"काय म्हणतोस?" धर्म्या.

"निवांत. तू?"

"निवांत. अव्वा?"

"बरी आहे. काकू?"

"बरी आहे."

मिक्सर चालू होता. अव्वानं शेंग फोडायची थांबवली.

"मग," तो म्हणाला, "कॅमेऱ्याचं काय?"

"ठरला," मी म्हणालो.

"कुठला?"

"म्हणजे घेतला. घरी आहे. समोर आहे."

तिकडं मिक्सर नेमका तेव्हाच थांबला. कुणीतरी भांडं काढून झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली, दार लागलं, आणि वाहनांचे आवाज यायला लागले. तो बाल्कनीत आला असावा.

"खरंच घेतलास?"

"खंडेनवमीला."

"का बे?" तो म्हणाला.

मी घेतला म्हणून कुणीतरी कौतुक करेल, किंमत विचारेल, निदान कंपनी विचारेल असं वाटलं होतं. "का बे"ची मी तयारी केली नव्हती. मग मी त्याला सगळं सांगितलं. पाट, बरणी, विभूती, जोडलेले हात, पोलिसाच्या कपाळाचं कुंकू. मला माहीत होतं की यावर तो हसेल. चार वर्षांत माझ्याकडं याहून चांगली गोष्ट आली नव्हती. तो हसला, पण मधेच थांबला, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकावा तसा.

"भारीच की," तो म्हणाला.

अव्वा मला हातानं खुणा करत होती. विचार, विचार.

"मग," मी म्हणालो, "कधी निघायचं?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं. पण पूजा झालेल्या कॅमेऱ्यासारखं, ते आता त्याचं झालं होतं.

खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. परत वाजवला. धर्म्या श्वास घेऊन काहीतरी बोलायला लागला आणि थांबला. परत लागला. "गुऱ्या, हे बघ..." असं दोनदा म्हणाला. त्या दोन्ही वेळा पुढं काय आहे ते मला स्पष्ट दिसलं. सुट्टी नाही. चैतालीची तब्येत. आईला एकटं सोडून. पुढच्या वर्षी बघू. सगळं खरं असणार होतं. आणि ते एकदा बोलून झालं की पुढच्या रविवारी आम्ही दोघं "बरी आहे, बरी आहे" म्हणून फोन ठेवणार होतो, आणि त्याच्या पुढच्या रविवारी तेवढंही नाही.

मी वाट बघत राहिलो. अव्वाही.

"गुऱ्या," तो म्हणाला. आवाज वेगळा होता, हळू, काळजीपूर्वक, एखादी काच उचलावी तसा. "बॉडी झाली रे. पण लेन्स?"

"हं?"

"लेन्स कुठली? अण्णांनी दिलेली असणार ती साधी. स्पितीला ती कशी चालंल? मठ लांबून घ्यायचा म्हटलं तर? आणि जवळनं घ्यायचा म्हटलं तर?" तो थांबला. "तुझं लेन्सचं ठरलंय का काही?"

मी टेबलावरच्या कॅमेऱ्याकडं बघितलं. त्याच्यावर लेन्स लावलेली होती. चांगली होती. तिनं लांबचंही दिसायचं आणि जवळचंही. परवाच मी तिच्यातनं समोरच्या गच्चीवरचा पतंग आणि इथल्या टेबलावरची मुंगी, दोन्ही बघितले होते.

"नाही," मी म्हणालो. "लेन्सचं काहीच ठरलेलं नाही."

"मग? त्याशिवाय कसं निघायचं?"

"तेच की."

"त्याचं नीट बघावं लागंल."

"लई बघावं लागंल. बॉडीपेक्षा अवघड असतं ते. बॉडी बदलता येते, लेन्स..."

अव्वानं हातातली शेंग माझ्या गुडघ्यावर मारली. "कधी येतो म्हणतोय?"

मी फोन छातीशी धरला. "लेन्स ठरली की."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला लेन्स कळत नाही. पण ती बराच वेळ बघत राहिली, आणि मग खाली बघून शेंगा फोडायला लागली.

मी फोन परत कानाला लावला. तो अजून बाल्कनीतच होता. आत जाण्याची घाई दिसत नव्हती.

"हां, धर्म्या. तर दोन आहेत. एक जड आहे, पण..."

"थांब, थांब," तो म्हणाला. खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला. "हां, बसलो. आता पहिल्यापासून सांग."